चारच्या आधी आत कुणी नाही

१

पहाटे उठण्याचं कौतुक नेडीन टॅकेटला कुणी सांगू नये. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. बाहेर बर्फ असो की चिखल, साडेतीनला उठायचं, इंजिन तापवायचं आणि साडेपाचला पहिलं पोर त्याच्या दारातून उचलायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे जानेवारीच्या थंडीत अडीच वाजता टॅलो बायूच्या, म्हणजे बदकांच्या शिकारीच्या पाणथळ रानाच्या, फाटकाशी गाडी लावून बसणं तिला जड नव्हतं. जड होतं ते तिच्या भावाला.

डॉइल तिच्याहून चार वर्षांनी मोठा. भात वाळवायच्या कारखान्यात चाळीस वर्षं धूळ खाऊन त्याच्या छातीचं पार भुसकट झालं होतं. नाकात नळी आणि मांडीवर ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन तो शेजारच्या सीटवर बसायचा. ऑक्टोबरात डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, की पुढचा हिवाळा धरून चालू नका. त्यावर डॉइल म्हणाला, "मग हाच धरू. सतरा नंबरला एक सकाळ मिळाली की झालं. दुसरं काही मागत नाही मी."

सतराच का, तर तिथपर्यंत होडी जाते. बाकी जागांना छातीपर्यंतची रबरी विजार चढवून अर्धा मैल चिखल तुडवावा लागतो, आणि डॉइलला गाडीपासून होडीपर्यंत जातानाच दोनदा थांबावं लागे. सतराला तळ घट्ट आहे, पाणी गुडघाभर, आणि एका जुन्या जाडजूड झाडाला टेकून बसता येईल असं बुंध्याशी एक लाकूड आहे. बापानं दोघांना बंदूक धरायला तिथेच शिकवलं होतं. हंगामाचे दहा दिवस उरले होते.

२

टॅलो बायू सरकारी. हिवाळ्यात ओकच्या रानात पाणी भरतं, झाडं कमरेइतक्या पाण्यात उभी राहतात आणि उत्तरेकडून हिरव्या डोक्याची बदकं पडलेल्या ओकफळांवर उतरतात. सरकारी म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हटलं की मारामाऱ्या आल्या. म्हणून नियम. फाटक चारला उघडणार, एक मिनिट आधी नाही. फाटकाशी चौकी, चौकीत फळा, फळ्यावर साठ खिळे, प्रत्येक खिळ्यावर नंबराचा पितळी बिल्ला. रांगेत जो पुढे, त्यानं आधी उचलायचा. बिल्ला गळ्यात, होडी पाण्यात. दुपारी एकच्या आत बाहेर पडायचं आणि बिल्ला खिळ्यावर परत. रात्री आत काही राहता कामा नये. माणूस नाही, होडी नाही, आमिषाला पाण्यावर सोडलेली खोटी बदकंही नाहीत.

एक नियम मात्र कुठे लिहिलेला नाही. अंधारात आपल्या जागेकडे कुणी चुकून येताना दिसलं, तर कपाळावरचा दिवा एकदा लावून विझवायचा. म्हणजे, इथे मी आहे. समोरच्यानं दोनदा लुकलुकवायचा. म्हणजे, माफ कर, चाललो. मग त्यानं खरोखर वळायचं. वाद नाही, आरडाओरडा नाही. जो हे पाळत नाही त्याला त्या मुलखात कुणी कॉफी पाजत नाही.

पहिल्या सकाळी नेडीन रांगेत पहिली होती. सतराचा बिल्ला तिनं स्वतःच्या हातानं खिळ्यावरून काढला. होडी पाण्यात सोडणारीही तीच पहिली. अर्ध्या तासानं झाडांच्या वाटेतून ती सतराच्या तोंडाशी आली, तोच समोर दिवा लागला आणि विझला.

डॉइलचा हात सवयीनं कपाळाकडे गेला. त्यानं दोनदा लुकलुकवलं.

"अरे, बिल्ला माझ्याकडे आहे," नेडीन म्हणाली.

"असेल कुणी चुकलेला. आता अंधारात त्याच्याशी भांडत बसतेस? वळव. उद्या येऊ."

तिनं वळवली. शिरस्ता तो शिरस्ता.

३

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती मध्यरात्रीलाच फाटकाशी जाऊन बसली, मागे दोन तास कुणी नव्हतं, आणि तरीही सतराला दिवा लागला. डॉइलनं मुकाट्यानं दोनदा लुकलुकवलं. परत फिरताना त्याचे ओठ निळे पडले होते.

त्या दुपारी धक्क्यावर वेंडल ओट्स भेटला. वेंडल म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. बदकं कमी मारायचा, बाता जास्त.

"टॅकेट मंडळी, जरा इतरांनाही बसू द्या की सतराला," तो म्हणाला. "रोज बघतो तुमचा दिवा. दिवा रोज, पण बार एकही नाही. डॉइल, डोळे गेले का रे, की बदकांना नुसता उजेड दाखवून बोलावतोस?"

"आम्हाला सतरा मिळालेलंच नाही अजून," नेडीन म्हणाली. "तो दिवा आमचा नाही."

वेंडल हसायचा थांबला. "मग कुणाचा? बिल्ला तर तूच नेतेस."

ती तडक चौकीत गेली. चौकीवर हॉलिस ब्रीडलव्ह होता, पंचविशीतला वनरक्षक, तिच्याच बसमध्ये बसून मोठा झालेला. तिच्यासमोर तो अजूनही टोपी काढून उभा राही.

"पलीकडून कुणी शिरत असेल, हॉलिस. खाजगी शेतांकडून."

"नेडीनबाई, तिकडे चार मैल भाताची खाचरं आहेत आणि कुंपण आहे. तरी जाऊन बघतो."

तो एकनंतर, रान रिकामं झाल्यावर जाऊन आला. येऊन त्यानं बूट झटकले, आणि बराच वेळ झटकत राहिला.

"कुणी नाही. चिखलात पाऊल नाही, एक रिकामं काडतूस नाही. चार दिवस माणूस बसलाय म्हणता, तर साधं सिगारेटचं थोटूक तरी पडतं की नाही?"

"मग?"

"मग काही नाही, बाई. तेरा नंबर बराय, तिकडे का बसत नाही तुम्ही?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. बसमध्ये खोडी करून मागच्या बाकावर बसलेलं पोर असंच खिडकीबाहेर बघतं, हे नेडीनला चांगलं माहीत होतं. पण तिनं खोदून विचारलं नाही.

४

अंधारात समोरून येणारा दिवा ट्रकचा की मोटरसायकलचा, तो किती उंचीवर आहे, हे बसवाल्याला बघितल्याबरोबर कळतं. नेडीनला पहिल्या दिवशीच कळलं होतं, की सतराचा दिवा उभ्या माणसाच्या कपाळाइतका वर आहे. पाचव्या दिवशी तो कमरेशी होता. बसला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. सहाव्या दिवशी तो त्याहून खाली होता. वाकून काहीतरी शोधत असेल. माणसाचं डोकं असं असतं. कारण मागितलं की ते कुठूनतरी आणून देतं.

आठव्या दिवशी वारा पडला होता. पाणी आरशासारखं. अशा पाण्यावर दिवा लागला की दोन दिसतात, एक वरचा आणि एक पाण्यातला. जन्मभर तिनं असंच पाहिलं होतं. त्या सकाळी सतराला दिवा लागला आणि विझला, आणि तो एकच होता.

"डॉइल," ती हळूच म्हणाली, "एकच दिसला."

 डॉइलचा हात कपाळाकडे निघाला होता. तिनं तो मनगटाशी धरला. त्याच्या अंगात जोर कुठला उरला होता, तरी तो हात वर जायला बघत होता.

"सोड. रीत आहे ती."

"रीत माणसांची आहे."

"वेडी आहेस का? परत चल, मला थंडी भरलीय."

ती परत फिरली, पण त्या दिवशी उत्तर गेलं नाही. होडीच्या मागे अंधारात तो दिवा पुन्हा एकदा लागला, मग पुन्हा. उत्तर मागत असल्यासारखा. डॉइल डोळे मिटून बसला होता. नेडीननं वळून बघितलं नाही. भीती वाटली म्हणून नाही, असं ती सांगते. खरं सांगायचं तर भीती वाटली होती, आणि त्या भीतीचाच तिला मनस्वी राग आला. आठ दिवस एका मरणाऱ्या माणसाला आपण मागे फिरवतोय, कशासाठी? कुणालातरी मान द्यायचा म्हणून. आणि मान दिला की समोरच्याला वाटतं, आपला हक्कच आहे.

घरी येऊन तिनं डॉइलचे पाय शेकले, त्याला सूप पाजलं आणि म्हणाली, "उद्या वळायचं नाही."

"आणि तिथे कुणी असलं तर?"

"असलं तर उठेल."

५

शनिवार होता. आदल्या दिवशी नळ गोठले होते. हॉलिसनं चौकीत तेराचा बिल्ला पुढे केला, पण नेडीननं सतराचाच उचलला.

सतराच्या तोंडाशी दिवा लागला. नेडीननं मोटर बंद केली, पण होडी वळवली नाही. लांब बांबू तळाला रोवून ती सरळ पुढे ढकलत राहिली. दिवा पुन्हा लागला. जवळ. मग पुन्हा. आता दिसत होतं. पाण्याच्या हातभर खाली, पिवळा, मळकट, तोंड वर केलेला. भोवती ओकची कुजकी पानं हळूहळू फिरत होती. पाणी गुडघाभर होतं. गुडघाभर पाण्यात माणूस उताणा मावतो, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो तिथेच दाबला. कुणाचा तरी दिवा पाण्यात पडलाय, बॅटरी शिल्लक आहे, झालं.

पण पाण्यात पडलेला दिवा होडीच्या पुढे पुढे सरकत नाही. हा सरकत होता. झाडाच्या दिशेनं, पाठीवर चालावं तसा.

नेडीन होडीत उभी राहिली. मागच्या बाकावर मारामारी करणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवलेला आवाज तिनं काढला. तो मोठा नसतो.

"तू कोण, ते मला विचारायचं नाही," ती म्हणाली. "फाटक चारला उघडतं. चारच्या आधी आत कुणी नाही. चारला पहिली मी आले आणि बिल्ला माझ्या गळ्यात आहे. काल आलो म्हणशील, तर काल एक वाजता तू बाहेर पडायला हवं होतंस. रात्रीचा मुक्काम इथे कुणालाच नाही. जागा धरून ठेवायची नाही. हे रान तुझ्या बापाचं नाही, माझ्याही बापाचं नाही, म्हणूनच सांगतेय. ऊठ इथून."

 दिवा तसाच होता. ती मोजत नव्हती, पण फार वेळ गेला. मग तो विझला. या वेळी लागून विझावा तसा नाही. वात खाली करावी तसा, मंद होत होत.

"गेला?" डॉइलनं विचारलं.

"गेला," ती म्हणाली, आणि तिनं बांबू पुन्हा तळाला रोवला.

६

तिनं त्याला काखेत हात घालून उतरवलं, बुंध्याशी लाकडावर बसवलं, आणि झाडाला हात लावला, तो तिनं पटकन मागे घेतला. साल गरम होती. सगळी नाही, माणसाची पाठ टेकते तेवढीच. बाकी खोडावर बर्फाचा पापुद्रा होता.

"नेडीन," डॉइल म्हणाला, "अगं इथे काय ऊब आहे."

खाली झरा असेल गरम पाण्याचा, असं ती मनाशी म्हणाली. या मुलखात गरम झरे नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. पण त्याचा चेहरा बघून तिला दुसरी जागा शोधवेना.

आणि सकाळ अशी उजाडली, की जन्मात एकदा उजाडते. उजेड फुटला, गोळी झाडायची नियमातली वेळ झाली, आणि बदकं झाडांच्या शेंड्यांतून पाय सोडून गिरक्या घेत खाली आली. डॉइलनं बदकांची हाक काढायची पिपाणी फुंकली. गेल्या दोन हिवाळ्यांत त्याला मेणबत्ती विझवायला फुंकर पुरत नव्हती, आणि आता पिपाणी अशी वाजली, की वरून जाणारा थवा वळला. दोन बार, दोन बदकं. तो हसला. तिनं सॉसेज घातलेला पाव दिला, तो त्यानं अख्खा खाल्ला.

"बाबा इथेच म्हणायचे ना, बंदूक उचलायची घाई करू नकोस, बदकांना नुसतं बोलाव," तो म्हणाला.

"मला म्हणायचे. तुला म्हणायचे, गाढवा, आधी डोळे उघड."

दोघंही हसले. नेडीनला वाटलं, बरं झालं हट्टाला पेटले. अकरा वाजले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की नळी त्याच्या नाकात नाही. ती गळ्याभोवती लोंबत होती, सिलिंडरची चावी बंद होती, आणि तो ओठ मिटून, शांत, वीस वर्षांच्या पोरासारखा श्वास घेत होता.

७

बारा वाजता बाकीच्या होड्यांचे आवाज बाहेर जाताना ऐकू आले. नेडीननं खोटी बदकं गोळा केली.

"चल."

"थोडं थांबू."

"डॉइल, एकला बाहेर पडायचंय."

"तू हो पुढे," तो म्हणाला. अगदी साध्या, समजूतदार आवाजात. "बिल्ला तेवढा दे परत. हॉलिस काय, बिल्लेच मोजतो."

"आणि तू?"

"मला इथे बरं वाटतंय."

त्याच्या गालावर लाली होती. डोळे तिच्याकडे नव्हते. समोरच्या पाण्याकडे होते, जिथून होड्या येतात तिकडे. तिनं त्याचा दंड धरला आणि ओढला. गेल्या महिन्यात तिनं त्याला न्हाणीघरातून उचलून आणलं होतं, पोत्यापेक्षाही हलका होता. आता तो हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, तरी हलेना. मग ती ओढण्यासाठी बाजूला सरकली, आणि तिला खोडाची मागची कड दिसली.

तिथून, खोडाला वळसा घालून, त्याच्या छातीवर आलेलं काहीतरी होतं. तपकिरी. जाड कॅनव्हासची बाही असते तसं, कोपरात दुमडलेलं, मनगटाशी पाणी गळत असलेलं. लहान पोराला मागून कवेत धरावं, तसं. त्या रानात रानद्राक्षाच्या वेली मनगटाएवढ्या जाड असतात आणि थंडीत तपकिरी पडतात. वेल होती, असं नेडीन आजही सांगते. पण वेल तिच्या देखत आवळली गेली.

तिनं तो आवाज पुन्हा काढला नाही. या वेळी ती साधंच बोलली, डॉइलशी नाही, खोडाच्या मागे.

"एक वाजत आलाय. याला मी आणलंय, मीच परत नेणार. एकतीस वर्षांत एक पोर मी वाटेत सोडलं नाही. तुला सोबत हवी असेल, तर ती तुझी अडचण आहे."

आणि ती पाय रोवून मागे झुकली. काय सुटलं, कसं सुटलं, तिला सांगता येत नाही. दोघं गुडघाभर पाण्यात पडली. डॉइलचा श्वास तिथल्या तिथे तुटला, तो घरघरायला लागला. तिनं त्याला होडीत लोटलं, नळी नाकात कोंबली, चावी उघडली. मोटर पहिल्या झटक्यात लागली. त्याच्या जाकिटाची पाठ कोरडी होती आणि इस्त्री केल्यासारखी गरम.

फाटकाशी हॉलिस घड्याळ बघत उभा होता. एकला चार मिनिटं कमी होती. त्यानं बिल्ला घेतला, होडीत दोन माणसं आहेत हे दोनदा बघितलं, आणि टोपी डोक्यावर घालायला विसरला.

८

रविवार हंगामाचा शेवटचा दिवस. पहाटे अडीचला नेडीन पाणी प्यायला उठली, तर डॉइल रबरी विजार चढवून, सिलिंडर मांडीवर घेऊन, दाराशी खुर्चीत बसला होता. विजार त्यानं एकट्यानं कशी चढवली देव जाणे.

"चाव्या कुठे आहेत?"

"माझ्याकडे."

"शेवटचा दिवस आहे, नेडीन."

"आहे. झोप जा."

तो उठला नाही. ती समोर खुर्ची ओढून बसली. दुपारी एक वाजेपर्यंत दोघं तशीच बसून होती. मग त्यानं विजार काढू दिली.

पुढे पाच आठवडे तो अंथरुणात होता. शेगडी धगधगत असायची, अंगावर तीन गोधड्या, आणि तरी त्याचे पाय बर्फासारखे. एका श्वासामागून दुसरा श्वास ओढताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. नेडीन उशाशी बसायची, आणि ते बघणं तिला सोसत नसे. ती बाहेर जाऊन रडून येई आणि परत बसे.

"तिथे मला श्वास येत होता," तो म्हणायचा.

"माहीत आहे."

"थंडी वाजत नव्हती."

"माहीत आहे, डॉइल. हात लावून बघितलं होतं मी."

"मग कशाला आणलंस मला?"

 "कारण तू माझा भाऊ आहेस," ती म्हणाली. "त्याचा नाहीस."

"एकदा परत ने. हंगाम नसला तरी चालेल. नुसतं बसेन."

"नाही."

तो रोज विचारायचा, ती रोज नाही म्हणायची. शेवटी शेवटी त्याला एवढं वाक्य बोलायला तीन श्वास लागत, तरी तो विचारायचा. मार्चच्या पहिल्या मंगळवारी पहाटे त्यानं डोळ्यांनीच विचारलं, आणि तिनं त्याचा गार हात दोन्ही हातांत धरून मान हलवली, नाही. तासाभरानं तो गेला. घरच्या बिछान्यात, थंडीनं कुडकुडत, तिच्यावर रागावलेला. नेडीन उजाडेपर्यंत त्याचा हात धरून बसली होती.